जंतूला जेलीचा वास

वेस्टफील्ड, ४ ऑक्टोबर

चि. लुचियास आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं 'हो नोना, हो नोना' करतेस, म्हणून लिहिते. मी तिसरी पास, चुका काढू नकोस. तुझी आई सांगत होती, बिननावाचा जंतू ओळखायच्या परीक्षेत तू नापास झालीस, आणि परत झालीस तर लॅबचा कोर्सच सुटणार. रडतेस म्हणे. रडून जंतू नाव सांगतो का? इथे द्राक्षं उतरली. मोठं पातेलं चढलंय, माझे हात कोपरापर्यंत जांभळे. शेजारच्या रोझारियाची जेली यंदाही पातळ. मी फक्त प्यायला पेला मागितला.

जेवत जा.
तुझी नोना

९ ऑक्टोबर

ती. नोनास सा. न. वि. वि.

मला चौदा नंबरचा जंतू मिळाला. तो वाढवलेल्या बशीचं झाकण उघडलं आणि समोर तुझं स्वयंपाकघर! पातेलं उकळताना येतो तोच द्राक्षांचा वास. असा वास येणारा जंतू एकच, भाजलेल्या जखमेत होणारा. मी एकटीच खिदळले. पण ओडेल बाईंच्या वर्गात हुंगायला सक्त मनाई, चाचण्यांनीच सिद्ध करायचं. आणि जंतू फासलेल्या कागदावर औषधाचा थेंब टाकला, तर या जंतूने जांभळा व्हायला हवा तो कागद कोराच राहिला. नाकाचं ऐकू की कागदाचं? पुढच्या शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझी लुचिया

वेस्टफील्ड, १२ ऑक्टोबर

चि. लुचियास आशीर्वाद.

पुवाला माझ्या जेलीचा वास? चर्चच्या जत्रेत चाळीस वर्षं पहिलं बक्षीस घेतलं ते हे ऐकायला. रोझारियाला कळू देऊ नकोस. आता ऐक. एका वर्षी माझीही जेली जमेना. सगळ्यांनी मला दोष दिला, मी घट्ट करायच्या पावडरीला. हमखास जमणाऱ्या दुसऱ्या रसात ती घातली, तोही पातळ. पावडर मेलेली. तुझा थेंब जिवंत आहे का? ज्याने कागद हमखास जांभळा होतो अशा ओळखीच्या जंतूवर टाकून बघ.

नोना

२१ ऑक्टोबर

ती. नोनास सा. न.

बाटलीच मेलेली! ओळखीच्या जंतूवरही कागद कोरा. बाईंनी नवी उघडली, आणि दहा सेकंदांत माझा कागद तुझ्या कोपरासारखा. अख्ख्या वर्गाला चाचणी पुन्हा करावी लागली, सगळे माझ्यावर खार खाऊन आहेत. मी पास! जानेवारीपासून हॉस्पिटलात शिकायचं. बाटलीचा संशय कसा आला, असं बाईंनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, वासासकट, आणि आता हाकलतात म्हणून उभी राहिले. तर म्हणाल्या, "झाकण उघडलंस तेव्हा तुझं तोंड बघत होते मी. तीस वर्षं हा वास घेतेय. द्राक्षाची जेली केव्हाच सोडली."

तुझी पास झालेली लुचिया

वेस्टफील्ड, २५ ऑक्टोबर

चि. लुचियास आशीर्वाद.

पास झालीस ते बरं, होणारच होतीस. पण जेली सोडली म्हणजे काय? काल पातेल्यावर वाकले आणि मलाही जखम आठवली, तुझ्या कृपेने. दोन बरण्या पाठवतेय. एक बाईंना दे. चाखून मग सोडा म्हणावं. दुसरी तुझी. झाकण उघड आणि पोटभर हुंग, हिला मनाई नाही.

तुझी नोना