उभ्या कड्यातला वायू

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा खाली वाकून नमस्कार.

तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. माझे बरे आहेत, डोकं मात्र ठिकाणावर नाही. रेडिओ दुर्बीण चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली (तू अजून लोकांना 'अँटेना दुरुस्त करतो' सांगतेस, ते असो), पण तुझ्या लेकीची दीर्घिका मला काही उमगत नाही. बाकीच्या दीर्घिका थाळीसारख्या निमूट पडून असतात. हिच्या थाळीभोवती एक उभं कडं फिरतं, डोक्यावरून थेट पायाखाली. ते म्हणे दुसऱ्या दीर्घिकेकडून ओढून आणलेल्या मालाचं. त्यात हायड्रोजनच्या रेणूंचा थंड वायू आहे का, एवढंच तिला प्रबंधासाठी हवंय. हा हायड्रोजन तोंडातून शब्द काढत नाही, म्हणजे आमच्या दुर्बिणीला पकडता येईल अशी लहर सोडत नाही, म्हणून त्याच्या शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला विचारायचं. (घुम्या माणसाची खबर शेजारीच देतात, त्यामुळे एवढं मला पटलं.)

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी तिने कड्याचा आकाशातला पत्ता पाठवला. दुर्बीण वळवली, तर तासभर नुसती खरखर. आता आमच्या कामातली एक सवय सांगतो. रोज सकाळी आम्ही दुर्बीण एखाद्या ठळक ग्रहावर धरतो आणि पडद्यावरची रेघ सगळ्यात उंच येईपर्यंत जराजरा सरकवतो, म्हणजे नेम बसला. तोच हात त्या दुपारीही चालला. शेवटी मामाचं काळीज. सरकवत गेलो आणि अशी झकास रेघ उठली की मी चहा तसाच सोडून उभाच राहिलो. तिला लगेच कळवलं. कड्यात वायूच वायू, म्हणून तिने अख्खं प्रकरण लिहून काढलं. महिनाअखेर ते परीक्षकांपुढे जाणार.

काल नोंदवही चाळली, तर मी कडं सोडून थाळीच्या मध्यावर पोचलो होतो. मध्यावर वायू असतोच, त्यात नवल काय! आता कड्यात वायू आहे, की नाही, की आहे पण दिसत नाही, मला काहीच सांगता येत नाही. जेवणही जात नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुझा भाऊ

ता. क. हे तूच तिला समजावून सांग. आईवर फार वेळ रागावता येत नाही. माझं नाव घेऊ नकोस, यंत्रावर ढकल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं, चष्मा फुटल्यापासून तुझी पत्रं तीच तुला वाचून दाखवते. तेव्हा पोरी, यंत्राचा दोष नाही, हात माझाच होता. गुरुवारी दुपारचे तीन तास दुर्बीण तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. ये आणि माझ्या शेजारी बस. कड्यात काही निघालं नाही, तर तसंच लिही. तुझ्या नावावर माझी चूक नको.