सातवी ‘ब’चे डावे हात

सोम. ९ सप्टें. ९६
पहिला सराव पाठ. झाला एकदाचा. झाला म्हणजे बोंबलला. सातवी ब, विज्ञान, बाष्पीभवन. अठ्ठेचाळीस पोरं आणि एकाचाही हात वर नाही. मी प्रश्न विचारते, ती माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. प्रस्तावनेचे तीनही प्रश्न मीच विचारले, उत्तरंही मीच दिली. मागच्या बाकावर आमचे विज्ञान पद्धतीचे देवरे सर खाली मान घालून लिहीत होते.

शेरा : ‘विद्यार्थी प्रतिसाद शून्य. छात्राध्यापिका घाबरलेली.’ घाबरलेली! मग काय नाचायला हवं होतं?

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “हातांचं ठरवून घेतलं नव्हतंस का?” कसले हात? सर हसले. म्हणे, मागच्या वर्षीच्या मुलींना विचार.

गुरु. १२ सप्टें.
विचारलं. असं आहे ते. पाठाच्या आदल्या दिवशी वर्गात जायचं. मुलांना सांगायचं, उद्या प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. आपण फक्त उजव्यांना विचारायचं. मागे बसलेल्यांना नुसते हातच हात दिसतात. बी.एड.ला वर्षानुवर्षं हेच चाललंय म्हणे.

मी वर्गात जाऊन चाचरत सांगायला लागले तर पहिल्या बाकावरची रेश्मा म्हणाली, “माहितेय ताई. मागच्या ताईंचं पण तसंच होतं.” म्हणजे सातवीतल्या पोरांना माहीत, मलाच नव्हतं!

शुक्र. १३ सप्टें.
दुसरा पाठ. काय सांगू! प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. मी उजवा बघायचा, नाव घ्यायचं, उत्तर हजर. शेरा ‘प्रतिसाद उत्तम, आत्मविश्वासात वाढ.’

घरी आल्या आल्या दादांना वाचून दाखवला. ते पहिली पाळी करून आलेले, पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे पोरी, सिन्नरचं नक्की समजायचं?” सिन्नरच्या शाळेत जूनमध्ये विज्ञानाची जागा निघतेय. तिथले मुख्याध्यापक दादांच्या ओळखीचे. त्यांचं एकच म्हणणं, अंतिम पाठाला अ श्रेणी आणा, मग बोलू. इकडे सातपूरला दादांच्या कंपनीत माणसं कमी करताहेत. दादा त्याबद्दल बोलत नाहीत, पण रोज एकदा तरी सिन्नर काढतात.
मी म्हटलं, नक्की.

सोम. ७ ऑक्टो.
वाघशी कडाक्याचं भांडण. हा आमच्या गटातला, सुरगाण्याचा. डोंगरातल्या शाळेत दोन वर्षं शिकवून मग बी.एड.ला आलेला, त्यामुळे आम्हाला बाळं समजतो. आज माझ्या पाठाचं निरीक्षण त्याच्याकडे होतं. निरीक्षण वहीत फलकलेखन, आवाज वगैरे लिहायचं सोडून या शहाण्याने डावे हात मोजले. ‘प्रश्न १ : डावे २२. प्रश्न ३ : डावे २९. प्रश्न ५ : डावे ३५.’

मी म्हटलं, हे काय?
“तुझा पाठ. जसजसा पुढं गेला, तसतसं पोरांना कळंनासं झालं.”
“सगळेच करतात.”
“मी कुठं नाय म्हणतो? पण डावा हात म्हंजे पोरगं खरं सांगतंय ना, मला येत नाय. आन तू नेमकी त्यालाच सोडून पुढं जातेस.”
मी ते पान टर्रकन फाडलं. सगळ्यांसमोर. फेकलं मात्र नाही. या वहीत ठेवलंय. का, ते माहीत नाही.

गुरु. ५ डिसें.
नको तो नाद लावला वाघने. आता मलाही डावेच दिसतात. तिसऱ्या बाकावरची मंदा, कायम डावा. माणसं पेठकडची, वडील इथे बांधकामावर. एवढे पाठ झाले, मंदाचा उजवा हात मी पाहिलेला नाही. पण डावा असा झोकात वर करते, कोपर ताठ, जणू तिलाच येतंय सगळं.

आज काय सुचलं कोण जाणे, तिलाच उठवलं. अख्खा वर्ग ओरडला, “ताई, चुकलं! तिचा डावा आहे!”
सर मागे. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर सरांनी बसवून सांगितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. “हे बघ, पस्तीस मिनिटं, पाच पायऱ्या आणि पन्नास मुलं. तुला पाठ बांधता येतो का, हे परीक्षकांना बघायचं असतं. मुलांना किती आलं हा पाठाचा विषयच नाही. नोकरी लागल्यावर वर्षभर मुलं तुझीच असतात, तेव्हा शिकव हवं तसं.” पटलं. खरंच पटलं. मग वाघला सांगितलं तर तो म्हणतो, “आन तेव्हा शिकवायला शिकायचं कुठं?” याच्या तोंडी लागूच नये.

मंगळ. २१ जाने. ९७
अंतिम पाठाचा घटक मिळाला : तरंगणे व बुडणे. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. पाठ टाचण तीनदा लिहिलं. सर म्हणाले, अ श्रेणी कुठे जात नाही.

तासाची वेळ ठरवायला शाळेत गेले, तेव्हा सातवी ब वर त्यांचे नेहमीचे गुरुजी होते. दाराशी थांबले. गुरुजींनी विचारलं, “कोणाला समजलं नाही?” एकही हात नाही. मंदाचे दोन्ही हात बाकाखाली. गुरुजी म्हणाले, “शाब्बास,” आणि पुढचा धडा.
तिथून निघाले ती बस येईपर्यंत एकच विचार. या पोरांना ‘येत नाही’ म्हणायची मुभा फक्त माझ्या खोट्या तासाला आहे. आणि तिथेही त्यांचं ऐकणारं कोणी नाही.

रवि. २३ फेब्रु.
जेवण जात नाही. बुधवारी पाठ. परीक्षक बाई बाहेरगावच्या, फार कडक म्हणे. दादांनी सिन्नरला परस्पर निरोपही पाठवला, मुलीचं बुधवारी आहे म्हणून. कशाला पाठवायचा? आईने कुलदैवताला नारळ बोललाय.
डावा-उजवा करायचा नाही असं मनाने घेतलंय. पण मग पहिल्या पाठासारखं झालं तर? एकही हात वर नाही झाला तर? ठरवते, मोडते, पुन्हा ठरवते. कुणाशी बोलायची सोय नाही. वाघला विचारलं तर तो खूश होईल, ते नकोच.

मंगळ. २५ फेब्रु.
सांगून आले. म्हटलं, उद्या डावा-उजवा नाही. येत असेल त्याने हात वर करायचा, नसेल येत त्याने खाली ठेवायचा. मी रागावणार नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. रेश्मा म्हणाली, “ताई, मग तुमचा पाठ पडेल ना?”
“पडू दे,” म्हटलं. मोठी आली शूर!

अंडी आणली. आईचा मंगळवार, म्हणून पिशवी बाहेर सायकलला टांगून ठेवलीय. मांजर नाही आलं म्हणजे मिळवली.

बुध. २६ फेब्रु.
लिहून काढते, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.
प्रस्तावना बरी गेली. अंडं साध्या पाण्यात बुडालं, मिठाच्या पाण्यात वर आलं, पोरं “ओऽऽ” करून उभी राहिली. मग मुख्य प्रश्न, अंडं का तरंगलं? आणि हात वर. सगळे. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. सगळे उजवे!
मला असा आनंद झाला! सगळ्यांना आलं! देवरे सर हसताहेत. मी एकाला उठवलं. तो उभा राहिला, गप्प. दुसऱ्याला उठवलं, तोही गप्प. तिसरीने घनता, घनता असं दोनदा म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिली. हात अजून वरच. मंदाचासुद्धा, उजवा.
“मंदा, तू सांग.”
ती उठली. “मला नाही येत ताई. पण तुमची परीक्षा आहे ना.”

परीक्षक बाईंनी मान वर केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पाठ पडला म्हणून नाही. माझ्यासाठी केलं होतं पोरांनी. सगळ्यांनी मिळून, मधल्या सुट्टीत ठरवून, असं रेश्मा नंतर म्हणाली.
मग मी म्हटलं, “बरं. ज्यांना येत नाही त्यांनी डावा वर करा.” एकेक हात बदलत गेला. मी मोजले नाहीत.
मंदाला विचारलं, काय येत नाही? ती म्हणाली, “अंडं तर तेच आहे ना ताई. मघाशी बुडालं, मग आता हलकं कसं झालं?”
हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. इतक्या महिन्यांत माझ्याही डोक्यात आला नव्हता. अंडं काढलं, पुसलं, तिच्या हातावर ठेवलं. हलकं झालंय का? “नाही. तेवढंच हाय.” मग बदललं काय? बाकावरून बाकावर अंडं फिरलं. कुणी नाकाला लावलं, कुणी कानाशी हलवलं. अंडं मंदाकडे परत आलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, “पाणी. मीठ घातलं ना. पाणी जड झालं.”
घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला. फळ्यावर शीर्षक आणि तारीख, बाकी कोरा.

बाहेर परीक्षक बाईंनी विचारलं, “हे डाव्या हाताचं काय आहे?” सर खोकले. खेळ आहे, म्हणता आलं असतं. मी म्हटलं, ठरवलेलं असतं, बाई. येतं त्याचा उजवा, येत नाही त्याचा डावा. “तुमचं एकटीचं, की सगळ्यांचं?” मी म्हटलं, माझं. पण बाई तोवर सरांकडे बघत होत्या.

गुरु. २७ फेब्रु.
आज उरलेल्यांचे पाठ. बाईंनी प्रत्येक वर्गात आधीच सांगितलं, हात खाली ठेवा, नावं मी घेईन. एकामागून एक पाठ पडले. दोघी प्रसाधनगृहात रडत होत्या. मी आत गेले तर बाहेर निघून गेल्या. माझ्याशी कुणी बोलत नाही. जेवायला एकटीच.

सर एवढंच म्हणाले, “वीस वर्षांत माझ्या गटाला कुणी असं विचारलं नव्हतं.” आवाज चढवला नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं. त्यांनी माझं वाईट कधीच चिंतलं नव्हतं.
वाघचाही पडला. तो डबा घेऊन समोर येऊन बसला. मी म्हटलं, आता मोज डावे. तर म्हणाला, “भाजी घे आधी.”
दादांना म्हटलं, पाठ झाला. कसा झाला ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सोम. १० मार्च
श्रेणी अजून लागलेली नाही. कारकून म्हणतात, तुमच्या गटाचा कागद वर गेलाय. वर म्हणजे कुठे, ते सांगत नाहीत. सिन्नरहून निरोप, शनिवारपर्यंत श्रेणी दाखवा, नाहीतर दुसरा उमेदवार आहे. सकाळी दादांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहा संपवला, चपला घातल्या आणि पाळीला गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी अंड्याच्या प्रयोगाला घेतलेली शाळेची काचेची बरणी परत करायला गेले. मधली सुट्टी होती. मंदा नळावरून धावत आली, तोंड ओलं.
“ताई, पास झाल्या?”
“माहीत नाही गं.”
“म्हंजे येत नाय?”
“नाही येत.”
“मग डावा वर करा ना.”
बरणी उजव्या हातात घेतली. भर व्हरांड्यात, सगळ्या शाळेदेखत, डावा वर केला. कोपर ताठ.