अंगठा लागला

बाबा, तुम्हा दोघांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईला एवढंच मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं मनात वाचा.

गोदामात हजेरीचं मशीन आहे. बांबू सोलून झिजलेला माझा अंगठा त्याला लागतच नव्हता. सहा महिने रोज दारात मुकादमाची मनधरणी केली. काल मात्र पहिल्याच झटक्यात लागला! मुकादम म्हणाला, "आलास एकदाचा माणसांत."

खोलीवर येऊन, घरून आणलेली बांबूची कामटी हौसेने सोलायला घेतली. अंगठा लगेच चिरला. कातडी पार मऊ पडलीय, बाबा.

बाजारातून टोपल्या अजून तशाच परत येतात का? तुमचा गुडघा कसा आहे?

माझ्या वाटणीचा बांबू अजून भिजत घालत असाल, तर आता घालू नका.

तुमचा,
धाकटा