रोज बरोब्बर वीस पानं

४ जून
काय पोरगी आहे! सतरा वर्षांची, लाँड्रीत कपडे धुणारी — आणि फौजदाराला पाणी पाजते! परवा वाचनालयातून आणलेली कादंबरी. हॉटेलमालकाचा खून, खोली आतून बंद. पोरगी नुसते मळके कपडे बघून सांगते कोण कुठे होतं ते. दुकानात गिऱ्हाइकांच्या चष्म्यांना काचा बसवतानाही डोक्यात तीच.

नेहमीसारखं पुस्तक एक, वाचणारे दोघं. माझी खूण बसचं तिकीट, हिची लाल लोकरीचा धागा. दिवसा पुस्तक हिचं, संध्याकाळी माझं.

६ जून
मला मॅनेजरचा संशय. हिला विचारलं तर म्हणे, "इतक्यात काय सांगायचं!" एरवी दुसऱ्याच प्रकरणात खुनी ठरवून मला चिडवणारी बाई!

९ जून
झकास! मॅनेजरचे सगळे शर्ट एकसारखेच मळलेले. पोरगी म्हणते, "माणूस रोज सारखाच मळत नाही, साहेब. हे मुद्दाम मळवलेत." वा! पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसून होतो.

मग धाग्याकडे लक्ष गेलं. काल एकशेवीसवर, आज एकशेचाळीसवर. रोज बरोब्बर वीस पानं! परवा आमची मुलगी दिवसभर येऊन बसली होती, तरी वीस.

१० जून
वाईट वागलो, पण वागलो. चहा घेताना म्हटलं, "माळी गेला बिचारा."
"हो ना, मला तर भरूनच आलं."
पुस्तकातला माळी ठणठणीत आहे.

११ जून
सरळ विचारलं. आधी चिडली, मग रडली. चार महिने झाले, अक्षरं दिसत नाहीत. सगळं धुकं. "तुम्ही स्वतःच्या हाताने बनवलेला चष्मा. त्यातून दिसत नाही म्हणू कसं?" आणि पुस्तकाचं नाटक? "मी सोडलं असतं तर तुम्ही एकटेच वाचत बसला असतात."

तीस वर्षं गावभराच्या नाकांवर चष्मे चढवले. घरातले डोळे बघितले नाहीत. लाज वाटली — फार.

१२ जून
मोतीबिंदू. ऑपरेशन हवं, उशीर केला तर अवघड होईल, असं डॉक्टर म्हणाले. ही ठाम — नाही! हिच्या आईचा डोळा ऑपरेशननंतरच गेला. "दिसतंय तेवढं पुरे."

१८ जून
रोज मोठ्याने वाचून दाखवतो. ही भाजी निवडत ऐकते. म्हणे मॅनेजर खुनी नाहीच, "तो कुणाला तरी वाचवतोय." असेलही. मला वाचून कळत नाही ते हिला ऐकून कळतं.

२१ जून
शेवटचं प्रकरण उरलं. पुस्तक मिटलं. "हे तू वाचायचंस. ऑपरेशननंतर."
"अहो, असा छळ करतात का!"
"मीही वाचणार नाही."
अबोला.

२४ जून
जेवताना, ताटाकडे बघत — "तारीख घ्या."

३ जुलै
आज ऑपरेशन. आत जाताना माझा हात सोडेना. मग म्हणाली, "चोरून वाचलंत तर बघा!" आणि गेली. मी बाहेर बाकावर, पुस्तक पिशवीत. उघडलं नाही. खुनी कोण याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. भीती वाटत होती, एवढंच.

५ ऑगस्ट
डॉक्टरांनी नवा नंबर दिला. काच तीनदा तपासून बसवली. वाचनालयाच्या बाईंनी पुस्तकाची मुदत पुन्हा वाढवून दिली, डोळे वटारून.

६ ऑगस्ट
दुकानातून येऊन आधी पुस्तक बघितलं. लाल धागा पुढे सरकलाय — तीन पानं. तीनच!