शिमोनाच्या गीतातला लांब सूर

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

आज संध्याकाळी चर्चच्या उपासनेत आम्ही गायनमंडळी बायबलमधल्या म्हाताऱ्या शिमोनाचं "आता शांतीने जाऊ दे" हे निरोपाचं गीत गाणार आहोत. शेवटचा सूर फार लांब आहे. तो तुटू नये म्हणून आळीपाळीने श्वास घेतो. रांगेतली शेजारीण श्वास घेते तेव्हा सूर मी धरायचा, आणि तिथेच सरावात मला रडू येऊन सूर तुटतो.

गायनाचे मास्तर म्हणाले, "बाई, आज बाकावर बसा."

शेजारीण फणकारली, "रडा हवं तर, पण माझ्या श्वासाच्या वेळी नको!"

घंटा व्हायला आली. पण ताई, ह्यांच्या अंत्यविधीला हेच गीत मी नुसतं बसून ऐकलं. ह्यांना "शांतीने जा" हे माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही. आज उभी राहणार आहे.

तुझी,
धाकटी