ब पिशवीतला फोन

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी आजवर प्रत्येक पत्रात खुर्चीत रेलून, बहुधा चहा पीत पीत लिहीत आलो. या वेळी आधी जमिनीवर पालथा पडून खरोखरचा घातला आणि मगच लिहायला बसलो. ही साक्षीला आहे. ती म्हणाली, पडलाच आहेस तर कपाटाखाली गेलेलं माझं पेन काढ. त्याच पेनने हे लिहितोय.)

काकांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून आवाज करतो का? त्यांना म्हणावं, आवाज करू दे, गप्प बसणारी माणसं जास्त वाईट. ते मी कुणाबद्दल म्हणतोय हे पुढे कळेलच. तुझ्या तब्येतीची चौकशी करायला मात्र माझी जीभ रेटत नाही, कारण तुझ्या तब्येतीत जे बिघडलंय असं तुला वाटतं, ते माझ्यामुळे वाटतंय. परवा तू हिला सांगितलंस की येत्या रविवारी सगळी रंगीत लोकर शाळेच्या शिवणबाईंना देऊन टाकणार, आणि यापुढे विणलंच तर फक्त पांढरं, कारण 'पांढऱ्यात चुकायची भीती नाही'. मावशी, पाया पडतो, रविवारी काहीही देऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब. जरा लांबलंय.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन करायचा. केला ना! तीनदा केला. पहिल्यांदा तू विचारलंस, "काय रे बजेट, काय नवीन?" आणि मी तुला घडी होणाऱ्या फोनची बिजागरी या खेपेला कशी सुधारली आहे ते वीस मिनिटं सांगितलं. दुसऱ्यांदा बॅटरीवर घसरलो. तिसऱ्यांदा काकांनी उचलला, तर त्या बिचाऱ्यांना, ज्यांना फोनचा हिरवा आणि लाल एवढाच भेद कळतो, त्यांना मी म्हणालो की घाई करू नका, पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या किमती उतरणार आहेत. काका म्हणाले बरं, आणि ठेवला. लोकांना उचकी लागते तशा मला फोनच्या बातम्या लागतात. 'काय नवीन' म्हटलं की सुरू. कागद काही विचारत नाही, म्हणून कागद.

आता मुद्दा. काकांच्या सत्तरीला आपण सगळे तुझ्याकडे जमलो होतो तो दिवस आठव. भाऊजी (म्हणजे आमच्या ताईचे यजमान, हे तुला सांगायला नको, पण मला त्यांचं नाव काढण्यापूर्वी जरा दम घ्यावा लागतो) नवा कोरा महागडा फोन घेऊन आले होते. बरं, मिरवला असता तर मी दोन टोमणे मारून मोकळा झालो असतो. पण छे! टेबलावर पालथा ठेवला आणि पाण्याचे पेले भरायला लागले. असली नम्रता मला सहन होत नाही. गेली पाच वर्षं मी घरीदारी, प्रेसमध्ये, दाढी करताना न्हाव्यालासुद्धा सांगत आलोय की महागड्या फोनमध्ये निम्मी किंमत नावाची असते, खरा फोन तो बजेट फोन, पैशाची पै न पै वसूल. त्यावरूनच तर तुम्ही सगळ्यांनी माझं बारसं पुन्हा केलंत. आणि नेमकं त्याच आठवड्यात तुझ्या लेकाने तुला सांगितलं होतं की आई, विकायच्या स्वेटरचे फोटो काढायला चांगला फोन हवा ना, मग कुठला ते ठरव, मी पाठवतो. म्हणजे भरल्या घरात एक निकाल लागायचा होता आणि मी निकाल लावायला टपलेलोच होतो.

लेबलांचे गठ्ठे ज्यात येतात तो जाड तपकिरी कागद मी प्रेसमधून आणला होता. त्याच्या दोन पिशव्या शिवल्या, पुढे पडद्यासाठी खिडकी, मागे कॅमेऱ्यासाठी भोक, एकीवर अ, दुसरीवर ब. कुठल्या पिशवीत कुठला फोन ते फक्त मला ठाऊक. ब मध्ये माझा. तुझी डाळिंबी शाल खिडकीजवळच्या खुर्चीवर पसरली, दोन्ही फोनने फोटो काढले आणि अकरा जणांचं मत घेतलं. ब ला नऊ मतं. काय रंग, काय झळाळी, लोक वेडे झाले. अ ला फक्त दोन. एक भाऊजींचं (पठ्ठ्याने आपला फोन बरोबर ओळखून मत टाकलं, असं मी मनात म्हणालो) आणि दुसरं तुझं. तू शाल उचलून उजेडात नेलीस, चष्मा लावलास, दोन्ही फोटो शेजारी धरलेस आणि म्हणालीस, "अ मधली शाल माझी आहे. ब मधली दुसऱ्या कुणाचीतरी आहे."

आणि मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला तर दातांत अडकल्यासारखं आठवतं. मी म्हणालो, "मावशी, आता चष्म्याचा नंबर बदलून घे!" सगळे हसले. तूही हसलीस. पण हसता हसता तू चष्मा काढलास आणि पदराने पुसलास. ते पुसणं मी पाहिलं, मावशी. तेव्हाच मेल्या तोंडाला कुलूप लागायला हवं होतं.

पुढचं फक्त मला माहीत आहे. पिशव्या काढायला मी तुझ्या स्वयंपाकघरात गेलो. ब उघडली, आत भाऊजींचा फोन! फोन पिशवीत घालत असताना काकांनी मला खुर्ची सरकवायला हाक मारली होती, तेव्हाच अदलाबदल झाली असणार. बाहेर टाळ्या चालल्या होत्या. एक मिनिट होतं माझ्याकडे. बाहेर जाऊन "अहो, घोळ झाला, महागडा जिंकला" एवढे पाच शब्द बोलायचे होते. तेवढ्यात तू दारात आलीस आणि म्हणालीस, "ठरलं हो, बजेट म्हणतो तोच मागवते." आणि मी पिशव्या चुरगाळून खिशात कोंबल्या, बाहेर आलो आणि वर मान करून म्हणालो की फोन कुठलाही असो, पारखी माणूस लागतो. पारखी! लाज कशी वाटली नाही, असं तू विचारशील. वाटली, पण जरा उशिरा वाटली.

आणखी एक. त्या चाचणीने एकाचंच मत कायमचं बदललं, ते माझं. तीन महिन्यांनी मी गुपचूप भाऊजींसारखाच फोन विकत घेतला. कुणी विचारलं तर सांगतो, बजेटमधलाच आहे, नवीन आलाय. कुणी तपासत नाही. मी सांगितलं की लोकांना खरं वाटतं, हेच तर माझं दुर्दैव.

तुझं मात्र भोग भोगणं सुरू झालं. बँकेतल्या बाईंनी मोरपंखी स्वेटर परत केला, फोटोत रसरशीत होता, हातात फिका आला. तू तो मला पाठवलास, 'तू तरी नावं ठेवणार नाहीस' म्हणून. मग गुलबक्षी परत आला, तोही माझ्याकडे. मग राखाडी. (राखाडीत काय खुलायचं होतं देव जाणे, पण फोटोत तो निळा दिसला म्हणे.) मग तो अबोली, सहा महिन्यांच्या बाळाचा. 'ठेव, कुणाला तरी होईल' असं लिहिलं होतंस. माझ्या एका पाठीला चार स्वेटर झाले, त्यातला एक मनगटावरसुद्धा चढत नाही. परवा प्रेसमध्ये मशीनवाल्याने माझ्या मोरपंखी बाहीला हात लावला आणि म्हणाला, साहेब, काय छटा आहे, अशी शाई आपल्याला जमत नाही. मी काय काम करतो तुला ठाऊकच आहे. मुरांब्याच्या बरण्यांची लेबलं नमुन्याशेजारी धरायची आणि लाल रंग केसभर जरी हलला तरी मशीन थांबवायची. दिवसभर दुसऱ्यांचे रंग पकडणारा मी, त्या वेळी खाली मान घालून चहाला गेलो.

आणि तू? तू म्हणालीस, फोन खोटं कसं बोलेल, बजेटने अकरा जणांदेखत तपासून दिलाय, माझेच डोळे गेले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले नजर ठणठणीत आहे, तर तुला वाटलं की ते भले गृहस्थ आहेत, म्हातारीचं मन राखतात. डॉक्टरपेक्षा माझ्यावर विश्वास! मावशी, असा विश्वास कुणावर ठेवू नये गं.

तर तुझे डोळे उत्तम आहेत. दोष फोनचा आहे. स्वस्त ते शेवटी स्वस्तच, पाच वर्षं मी उगाच तोंडाची वाफ दवडली. सोबतच्या पार्सलात माझा महागडा फोन पाठवतोय, तो वापर, आणि लोकर कपाटात परत ठेव.

काकांना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचून दाखवणार असशील तर पिशवीचा भाग जरा भराभर वाच.

तुझा,
बजेट

ता. क. ही आत्ता सगळं पत्र वाचून म्हणाली, भाषा छान आहे, पण खोटं आहे. म्हटलं, आता काय राहिलं? तर म्हणते, त्या दिवशी मावशींनी अ चा रंग खरा म्हटला. अ म्हणजे तुझा बजेट फोन. मग तोच फोन त्यांच्या हातात गेल्यावर रंग बिघडवायला कसा लागला? (ही रंगाचं काम करत नाही. ही वाचनालयात पुस्तकं चढवते-उतरवते. तरी.)

तर ऐक. तुझा फोन आला तेव्हा तो लावून द्यायला मीच आलो होतो. पहिला फोटो काढला त्याच शालीचा, तर अगदी शालीसारखा आला, शांत डाळिंबी. शेजारच्या खोलीत भाऊजी बसले होते. त्यांनी पाहिला असता तर लगेच म्हणाले असते, हा तर अ! म्हणून मी कॅमेऱ्यात शिरून 'रंग खुलवा' असं काहीतरी होतं ते टोकापर्यंत सरकवून दिलं. मग तुझाही फोन ब सारखा नटला. म्हणजे फोन निर्दोष, तू निर्दोष, डॉक्टर तर पहिल्यापासूनच खरे. सगळ्या प्रकरणात वाईट निघाला तो फक्त सल्लागार.

कॅमेरा उघड, वरच्या कोपऱ्यात दातेरी चाक आहे ते दाब, खाली 'रंग खुलवा' दिसेल ते बंद कर. मग शालीचा फोटो काढ आणि दोन्ही उजेडात धर. पार्सलातून माझा महागडा फोन काढून घेतलाय. त्याला ही नटायची खोड जन्मापासूनच आहे, तुझ्या काही कामाचा नाही. त्याऐवजी स्वेटर परत पाठवतोय, पुन्हा फोटो काढ आणि वीक. मोरपंखी तेवढा ठेवून घेतो. हक्क नाही, पण फार उबदार आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिने फोन हातात दिला, म्हणाली भाऊजींनाही सांग. सांगितलं. वाटलं, आता चांगली हजामत होणार. तर म्हणाले, "अरे, मला माझा फोन ओळखू येणार नाही का? पिशवीच्या खिडकीतून कोपऱ्यातला ओरखडा दिसत होता." मग बोलला का नाहीत, म्हटलं. तर म्हणाले, "मावशी तुझ्याकडे किती कौतुकाने बघत होत्या. आणि तुझा फोन खरंच चांगला होता, मी मत त्यालाच दिलं होतं. शाल तशीच दिसत होती." तुझ्या स्वेटरांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. तेही सांगितलं. मावशी, त्या बाळाच्या स्वेटरमध्ये तोंड लपवता आलं असतं तर तो मी परत पाठवला नसता.

तेव्हा लोकर कुणाला देऊ नकोस, ती लागणार आहे. भाऊजींच्या मापाचा एक स्वेटर विणून हवा. ताईकडून माप घेतलंय, छाती बेचाळीस, हात जरा लांब. देताना मी स्वतः येईन आणि उरलेल्या नऊ जणांसमोर सगळं सांगेन. रंग मला विचारू नकोस. फोनलाही विचारू नकोस. लोकर उजेडात धर आणि तुला दिसेल तो घे.