सर्जेरावाच्या तीन शिफ्टा

दौंड, १० जून २००७

चि. मुजीब यास,
अ. उ. आ. व दुआ.

तुझ्या अम्मीचा फोन आला. आधी ती रडली, मग तिनं सांगितलं, मग पुन्हा रडली. तू कुरकुंभच्या केमिकल कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडलीस आणि शिरूरच्या स्टँडमागे गाळा घेऊन त्यात कॉम्प्युटर मांडलेस, एवढं मला समजलं. तिथं बसून पोरं तलवारीनं राक्षस मारतात आणि वर त्याचे पैसे देतात, हे मात्र तिलाही समजलं नाही आणि मलाही. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, की खेळावर दुकान चालत असतं तर आमच्या ह्यांनी पत्त्यांवर बंगला बांधला असता.

मी फोन मुद्दाम केला नाही. मी बोलू लागले की तुझी रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही.

तुझ्यावर माझा जुना रागही आहेच. कुरकुंभला होतास तेव्हा इथून जीपनं जाण्याएवढं अंतर. माझ्याकडे दोन पलंग मोकळे, आणि माझा भाचा कॉट भाड्यानं घेऊन राहिला. तेही एका कॉटवर तीन शिफ्टचे तिघं! तू उठलास की दुसरा त्याच उबेत आडवा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली निवृत्त हेडक्लार्क मी, बायकांना काय तोंडानं सांगणार होते? ते जाऊ दे. आता ही नोकरी का सोडलीस ते सरळ मराठीत लिही.

रागावलेली असले तरी तुझीच,
खुर्शिदखाला


शिरूर, २१ जून २००७

ती. खुर्शिदखालांस,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

तुमचं पत्र आधी अम्मीनं वाचलं आणि ती तिसऱ्यांदा रडली.

नोकरी मी मौजेखातर सोडली नाही. दौंडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, की सॉल्व्हंटच्या वासात अजून राहिलास तर हा दमा कायमचा मुक्काम करील. अम्मीला हे ठाऊक नाही, तुम्हीही सांगू नका, आणि पुढची पत्रं गाळ्याच्या पत्त्यावर टाका.

आता खेळाचं. त्यात एक अख्खा मुलूख आहे. हजारो माणसं आपापल्या गावाहून एकाच वेळी त्यात उतरतात. प्रत्येकाचा एक शिलेदार. तो लढतो, बाजार करतो, टोळी जमवतो, हळूहळू थोर होतो. आपण कॉम्प्युटर बंद केला तरी मुलूख चालूच राहतो. आत शिरायला कंपनीचं कार्ड लागतं आणि ते या भागात फक्त माझ्याकडे मिळतं. मुंबईहून कंपनीचे साहेब आले होते. त्यांनी रंगीत तक्ता उघडून दाखवलं, की पाच वर्षांत हा धंदा सिनेमाला मागं टाकील आणि तालुक्या-तालुक्यात अशी केंद्रं होतील. तक्त्यावरची रेघ नुसती वर चाललेली. चहा गार झाला तरी आमची नजर हटेना.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे शिक्रापूरकडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं. एकेकट्यानं खेळून शिलेदार मोठा व्हायचा कधी? म्हणून आम्ही कॉटची रीत लावली. एक शिलेदार, तीन शिफ्ट. एक कामावर गेला की दुसरा त्याच शिलेदारात शिरतो. असे आमचे थोडेच शिलेदार आहेत, पण त्यांतल्या सर्जेरावाला सगळा मुलूख वचकून असतो. तो कधी झोपतच नाही. लोडशेडिंग असलं की इन्व्हर्टर त्याच्यासाठी राखून ठेवतो.

एक अडचण आहे. खेळातले हुकूम जुन्या वळणाच्या इंग्रजीत येतात. सत्यजीत हा आमच्यातला शिकलेला, पण त्याची डिक्शनरी उघडेपर्यंत राक्षस येऊन जातो. तुम्ही कॉन्व्हेंटच्या. एकदा याल?

मायेत उणं पडू देऊ नये.
आपला,
मुजीब


दौंड, ७ ऑगस्ट २००७

चि. मुजीब यास,
अ. उ. आ. व दुआ.

सुखरूप पोचले. एसटीत एका बाईच्या कोंबडीनं माझी पिशवी टोचली, तेवढं सोडता प्रवास बरा झाला.

तुझ्या गाळ्यात पंखा नाही आणि पोरांना बसायची रीत नाही. एका खुर्चीमागे सहाजण उभे आणि सहाही जण सर्जेरावाला अक्कल शिकवतात. पण एक सांगते. खेळातल्या त्या म्हाताऱ्या राजाचा हुकूम मी वाचून दाखवला ना, एवढ्या अलंकारिक इंग्रजीचा अर्थ इतकाच निघाला, की लढाईत पडलेल्या मुलाचं प्रेत त्याला हवं आहे. मग तो सत्यजीत म्हणाला, की म्हातारं लै दिसं ताटकळलं आसंल, आधी त्याचं काम करू, सोनंनाणं मागनं बघू. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं बाहेर आले.

आणि मी सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत बसले होते. तू एकदाही खोकला नाहीस. हे मी तुझ्या अम्मीला सांगितलेलं नाही, कारण तू खोकत होतास हेच तिला माहीत नाही.

मालनबाईंनी विचारलं, कुठं गेला होता. मी सांगितलं, लढाईवर.

पुढचे हुकूम कागदावर उतरवून पाठव.
खुर्शिदखाला


शिरूर, १९ सप्टेंबर २००७

ती. खालांस,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

रोजे सुरू आहेत, तब्येत ठीक आहे. बातमी मात्र बरी नाही. कंपनीच्या साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, की आमच्याकडे शिरूर तालुक्यात नऊच नावं दिसतात, इतक्या थोड्या माणसांत धंद्याला भविष्य नाही. दिवाळीपर्यंत मोजणी करून केंद्र ठेवायचं की काढायचं ते ठरेल. इकडे गाळ्यात उभं राहायला जागा नाही! मी सांगू लागलो तर त्यांनी जे काही असेल ते लेखी कळवा म्हणून फोन ठेवला. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. केंद्र गेलं तर मला कुरकुंभशिवाय दुसरं दार नाही.

आपला,
मुजीब


दौंड, २४ सप्टेंबर २००७

चि. मुजीब यास,
अ. उ. आ. व दुआ.

काळजी सोड. तुझ्या साहेबांना मी पत्र टाकलं आहे. तीन नंबर प्लॅटफॉर्मवरचा पाण्याचा नळ ज्या इंग्रजीनं दुरुस्त झाला, त्याच इंग्रजीत.

शाळेत सिस्टर आम्हाला सांगत, की अर्जात हातचं काही राखायचं नाही, अर्धी माहिती म्हणजे अर्धं खोटं. म्हणून सगळं सविस्तर लिहिलं. तुमची नऊ नावं म्हणजे नऊ माणसं नव्हेत. एकेका नावामागे तीन-तीन, चार-चार कष्टाळू तरुण आहेत, शिफ्टप्रमाणे पाळीनं खेळतात, जसे एकाच कॉटवर पाळीनं झोपतात. सर्जेरावाचं उदाहरण दिलं, तिघांची नावंही दिली. जी माणसं एका शिलेदारात इतक्या एकोप्यानं नांदतात, त्यांना मोजायची अक्कल तुमच्या यंत्रात नसेल तर ती माझ्याकडून घ्या, असंही लिहिलं. ते वाक्य मला विशेष साधलं आहे.

ईदला शीरखुर्मा खायला ये.
खुर्शिदखाला


शिरूर, २ नोव्हेंबर २००७

ती. खालांस,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

ईदला आलो नाही, माफ करा.

कंपनीचा नियम आहे, की एक शिलेदार एकाच माणसानं वापरायचा. दुसऱ्याला दिला तर ती लबाडी. तो नियम सुरुवातीलाच पडद्यावर येतो. इंग्रजीत आहे आणि फार लांब आहे. आम्ही सगळ्यांनी न वाचताच मान्य म्हणून बटण दाबलं होतं.

मंगळवारी सर्जेराव बंद झाला. सेकंड शिफ्टचा सत्यजीत नुकताच बसला होता. पाठोपाठ पाळीनं चालणारे बाकीचे शिलेदारही गेले. साहेबांनी फोनवर सांगितलं, की आता तालुक्यात दोन नावं उरतात, तेव्हा कार्डं पाठवणं बंद. तुमचं इंग्रजी फार चांगलं होतं, खाला. साहेबांनी मला ते वाचून दाखवलं.

सर्जेरावाची टोळी त्या दिवशी किल्ल्यावर जायची होती. परगावची माणसं वेशीवर त्याची वाट बघत असतील. सत्यजीत पुन्हा पुन्हा विचारत होता, की त्यांना वाटंल आपला गडी भिऊन पळाला, त्यांना सांगावा कसा धाडायचा. तशी काही सोय नाही.

अम्मीनं सलाम सांगितला आहे. तुमचा आशीर्वाद असू द्यावा.
मुजीब


दौंड, २६ नोव्हेंबर २००७

चि. मुजीब यास,
अ. उ. आ. व दुआ.

मी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्या निर्बुद्धांना मी आणखी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. आजच्या पेपरात आलं आहे, की या देशात अशा खेळांना मोठं भविष्य आहे. कोणाचं भविष्य? ज्याला एकट्याला एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक शिलेदार परवडतो त्याचं! वाटून खाणारे यांच्या हिशोबी चोर. पेपर मी मालनबाईंना पापड वाळवायला दिला.

तू माझ्या पत्राबद्दल एका शब्दानं बोलला नाहीस. बोलायला हवं होतंस. मला भांडता तरी आलं असतं.

तुझ्या अम्मीकडून कळलं, की तू कॉम्प्युटर विकलेस आणि पुन्हा कुरकुंभला कामाला लागलास. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला माहीत आहे, तिला नाही. ती बिचारी खूश आहे. निदान राहायला इकडे ये. पलंगावर नवी चादर घातली आहे. मी काही विचारणार नाही, काही बोलणारही नाही. हे मला जमेल असं मालनबाईंना वाटत नाही, पण तू ये.

वाट पाहणारी,
खुर्शिदखाला


कुरकुंभ, ११ जानेवारी २००८

ती. खालांस,
सा. न. वि. वि. आणि सलाम.

उत्तराला उशीर झाला. जुन्या नोकरीवर परत घेतलं नाही. आता ठेकेदाराकडून दुसऱ्या कारखान्यात आहे, काम तेच.

तुमच्याकडे येत नाही याचा राग धरू नका. झोपलो की खोकला उठतो. तुमची झोप मोडेल आणि मग तुम्ही अम्मीला फोन कराल. इथं कॉटवर ती अडचण नाही. मी झोपतो तेव्हा दुसरे दोघं कामावर असतात.

एक गंमत लिहितो. ठेकेदाराकडे गेटपास कमी आहेत. आम्हा तिघांत मिळून एकच पास, बाळासो नावाचा. खरा बाळासो कधीच सोडून गेला. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता धरणार. पण गेटवरच्या हवालदारानं पासाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, की जा की बाळासो, हूटर झाला. एक बाळासो, तीन शिफ्ट. तो झोपत नाही. इथं याला कोणी लबाडी म्हणत नाही.

उत्तर पाठवाल तर पाकिटावर बाळासोचं नाव घाला, म्हणजे गेटवर मिळेल. माया आहे तशीच राहू द्या. आणि खाला, हात जोडतो, या कंपनीला पत्र लिहू नका.

आपला,
मुजीब